कोपऱ्यातले दोन पडदे

१

रविवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर उजवीकडच्या कोपऱ्यातले दोन छोटे पडदे नाहीसे झाले होते.

आता कोणाला त्या पडद्यांचं काही वाटणार नाही. पण तेव्हाच्या मशीनवर घड्याळाच्या शेजारी नखाएवढे दोन कॉम्प्युटर असायचे, एकामागे एक उभे, आणि नेट चालू असलं की ते निळे लुकलुकायचे. मुलगी दूर देशी गेली तेव्हा ते मशीन आमच्या बाहेरच्या खोलीत बसवून गेली आणि जाताना मला नियम घालून दिला. पडदे दिसले तर मला व्हिडिओ कॉल लाव. नाही दिसले तर एकही बटण दाबायचं नाही. या नियमालाही कारण होतं. सुरुवातीला एकदा नेट गेलेलं असताना मी दिसेल ते दाबत सुटले होते आणि मशीनची भाषाच बदलून ठेवली होती. ती घरात कोणालाही वाचता येईना. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

दर रविवारी मी मुलीला लावायचे. मग नात समोर येऊन बसायची आणि आजोबा तिला गोष्ट सांगायचे. ती आठवडाभर त्यासाठी थांबलेली असे. हे स्टेशनवर निवेदक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार ते सांगण्यात यांची सगळी नोकरी गेली. लग्नाआधी मी ह्यांचा आवाज ऐकला होता, चेहरा नंतर पाहिला. घरी बघायला आले तेव्हा पाणी मागितलं, आणि माझी आत्या आतून म्हणाली, "अगंबाई, हा तर गाड्यांवाला."

पडदे नाहीत म्हणून मी ह्यांना हाक मारली. पेपरमागून उत्तर आलं, मला त्यातलं काय कळतंय. मी मुलीला साधा फोन करून नेट गेल्याचं कळवलं. ती म्हणाली, मागच्याच वेळी बिघडत चाललं होतं. नातीने मागून विचारलं, मग गोष्ट? मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

फोन ठेवून मी पुन्हा मशीनसमोर आले, आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. माऊस कीबोर्डच्या डावीकडे पडला होता. त्याची वायर पडद्याच्या मागून ओढून त्या बाजूला घेतली होती. माझा माऊस मी जन्मात डावीकडे ठेवलेला नाही.

आणि आमच्या घरात डावरा माणूस एकच होता. तो वरच्या खोलीत राहायचा.

२

वरचा भाडेकरू नकाशे काढायचा. सडपातळ, कमी बोलणारा, कानावर कायम एक पेन्सिल. आमचीच नेटची लाइन त्याच्या खोलीत गेली होती, आणि मध्यंतरी तो मला म्हणाला होता की रविवारी तुमचं बोलणं चालू असलं की माझे नकाशे पुढे सरकत नाहीत. म्हणाला हसून, पण मी ते लक्षात ठेवलं होतं. मी सगळंच लक्षात ठेवते.

त्यात समोरच्या बाईने खिडकीतून सांगितलं, की काल तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा वरचा खाली तुमच्या बाहेरच्या खोलीत होता. झालं. मला आणखी काही लागलं नाही.

तो जिना चढत होता. मी त्याला तिथेच अडवलं. काय काय बोलले ते शब्दन् शब्द मला आठवतं आणि त्यातलं एकच वाक्य इथे लिहिते. बाकीची लिहवत नाहीत. मी म्हटलं, "तुम्हाला मूलबाळ नाही, म्हणून दुसऱ्याची नात तुमच्या डोळ्यांत खुपते."

समोरची बाई खिडकीतच होती. नकाशेवाल्याच्या हातात दुधाची पिशवी होती, ती त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"मी तुमच्या मशीनला हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"मग काल खाली कशाला आला होतात?"

त्याने माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे बघितलं आणि वर निघून गेला. संध्याकाळी वरून कागद गुंडाळण्याचा आवाज येऊ लागला. दुसऱ्या दिवशी त्याने निरोप दिला की पुढच्या रविवारी तो खोली सोडतो आहे.

मला वाटलं, चोर पकडला गेला की असाच पळतो.

३

आठवड्याच्या मध्यावर वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डवर बसून म्हाताऱ्या झालेल्या. ज्या काळात बाई आधी नंबर विचारायची आणि मग जोडून द्यायची, त्या काळातल्या. लाइनवरच्या खरखरीवरून बिघाड कुठे आहे ते सांगायच्या. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलेलं नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. पडदे, माऊस, जिना. जिन्यातलं सांगताना मला थोडा अभिमानच होता. वन्सं ऐकत राहिल्या. हे शेजारी बसून चहा पीत होते. डाव्या हातात कप, बशी मांडीवर.

त्या हिवाळ्यात ह्यांना एक लहानसा झटका येऊन गेला होता. थोडक्यात निभावलं. बोटं जरा मंदावली, जीभ किंचित जड झाली, पण रोज ऐकणाऱ्याला ते कळेनासं होतं. मुलीला कळवायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं. ती सगळं टाकून धावत आली असती.

"बाळ, तुला काय वाटतं?" वन्संनी ह्यांना विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बाळ म्हणणारं ते एकच तोंड उरलं होतं.

हे म्हणाले, "जाऊ दे ना अक्का. येईल नेट आपोआप," आणि कप ठेवून आत गेले.

तेवढ्यात मशीन टिंग असं वाजलं.

"हे काय वाजलं?"

"काही नाही हो. पत्र आलं की वाजतं."

वन्संनी चष्मा काढून पदराला पुसला. घाई असली की त्या तसं करायच्या नाहीत. काही हाती लागलं की करायच्या.

"नेट नाही म्हणतेस," त्या म्हणाल्या, "मग पत्र आलं कुठून?"

४

पत्र चपलांच्या दुकानाची जाहिरात होती. पण वन्संच्या दृष्टीने ती साक्ष होती. मग त्यांनी मला विचारलं, रविवारपासून हे किती वेळा वाजलं. मी आठवून पाहिलं. रोज वाजत होतं. मी ते ऐकत होते आणि नेट नाही म्हणून हळहळत होते.

वन्सं म्हणाल्या, आमच्याकडे कोणाला लाइन बंद पाडायची असली तर तो तार तोडायचा. इथे तार शाबूत आहे. कोणीतरी फक्त दिवा झाकला आहे.

मशीनच्या डब्यावर दुरुस्तीवाल्याच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली होती. आदल्याच आठवड्यात तो पंख्यातली धूळ काढून गेला होता. मी त्याला रविवारी फोन केला होता तेव्हा तो म्हणाला होता, मशीन म्हातारं झालं, नवीन घ्या. त्याच्यावरही माझा थोडा संशय होता. वन्संनी मात्र त्याला फोन लावून मशीन का बिघडलं असं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, नेट चालू ठेवून फक्त ते चित्र घालवता येतं का.

येतं, तो म्हणाला. मग त्याने एकेक पायरी सांगितली, वन्संनी ती मोठ्याने मला सांगितली, आणि मी माऊस फिरवत गेले. एक चौकोन उघडला. त्याच्या तळाशी ओळ होती, जोडणी असताना चिन्ह दाखवावं का अशा अर्थाची, आणि तिच्या आधी बरोबरची खूण करायची चौकट. चौकट रिकामी होती.

दुरुस्तीवाला म्हणाला, "जुन्या मशीनवरून ते चित्र कधीकधी आपोआप जातं, मावशी. पण तेव्हा खूण जागेवर असते. खूण नसेल तर ती कोणीतरी काढली."

मी खूण करायला माऊस नेला, तर वन्संनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. ज्याने काढली तोच लावेल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि मला सांग, पडदे दिसले नाहीत तर तू लावतच नाहीस, हा नियम वरच्या माणसाला ठाऊक होता?"

 त्याला कोण सांगणार? मुलीला ठाऊक, मला ठाऊक.

तिसरं नाव माझ्या ओठांवर आलं नाही.

५

वन्सं वर गेल्या. मलाही बरोबर नेलं, तू काही बोलायचं नाहीस या अटीवर. मला बोलायचं नव्हतंच. 

खोलीत पत्र्याची लांब नळकांडी भिंतीला टेकून उभी होती, एकेकात एकेक नकाशा. टेबल तेवढं अजून आवरलं नव्हतं. नकाशेवाल्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं, स्वतः उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. रागाने नाही. मला लाज वाटू नये म्हणून पाहत नव्हता, असं मला वाटलं, आणि त्याने तर मला अधिकच कानकोंडं झालं.

वन्संनी त्याच्या टेबलाकडे बोट केलं. माऊस उजवीकडे होता.

"तुम्ही डावरे ना?"

तो म्हणाला, पेन्सिल डाव्या हातात धरतो. माऊस पहिल्यापासून उजव्या हातात. शिकलो त्या कचेरीत सगळ्यांचे माऊस उजवीकडेच बांधलेले होते, आणि ते बरंच झालं. एका हाताने रेघ, दुसऱ्याने माऊस. आता डाव्या हाताने तो धरला तर बाण भलतीकडे पळतो.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं.

मग त्यांनी त्याला सरळ विचारलं, शनिवारी खाली तुम्हाला कोणी बोलावलं होतं का.  ते पडदे कसे घालवायचे, असं तुम्हाला कोणी विचारलं का. तो एक नकाशा उगाचच आणखी घट्ट गुंडाळत राहिला.

"खोटं बोलायला येत नाही आणि खरं सांगायची सोय नाही," वन्सं उठत म्हणाल्या. "शब्द दिला असेल तर पाळा. मला उत्तर मिळालं."

दाराशी तो एवढंच म्हणाला, "त्यांना त्रास होईल असं काही करू नका."

त्यांना, म्हणाला. जिना उतरताना ते 'त्यांना' माझ्याबरोबर पायरी पायरीने खाली आलं.

६

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं होतो. हे खुर्चीत, पेपर उघडून.

वन्सं मला म्हणाल्या, "तुझ्या आठवणीचं सगळे कौतुक करतात. शेवटच्या वेळी पोरीशी बोललात, ते सांग. काही गाळू नकोस."

मी सांगू लागले. नातीचा पुढचा दात पडला होता, तो तिने डबीतून दाखवला. मुलीने माझ्या गुडघ्याचं विचारलं. मग ह्यांनी गोष्ट सुरू केली, धुक्यात वाट चुकलेल्या इंजिनाची. थोडी झाली असेल, तर नात आईकडे वळून काहीतरी कुजबुजली. मग मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, आई, तू बोल बघू काहीतरी. मी म्हटलं, काय बोलू. ती म्हणाली, तुझं छान ऐकू येतंय. बाबांचाच आवाज तुटतोय. नेट खराब आहे वाटतं.

ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी थांबले.

"पुन्हा सांग," वन्सं म्हणाल्या.

मला पुन्हा सांगवेना.

"मग मी सांगते. एका फोनवरून दोघं बोलताहेत. एकाचं स्वच्छ पोचतंय, दुसऱ्याचं तुटतंय. बोर्डवर असताना आम्ही अशा वेळी लाइन तपासायला जायचो नाही." त्यांचा आवाज मऊ होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "ज्याने पडदे घालवले त्याला नेट तोडायचं नव्हतं. तुझा नियम त्याला ठाऊक होता, म्हणून तेवढंच पुरलं. तो डावरा नाही, पण सध्या त्याला डाव्या हाताने काम करावं लागतं. आणि ज्याने कसं करायचं ते दाखवलं, तो शब्द देऊन बसला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. पेपर चेहऱ्यासमोर होता. तो डाव्या हाताने धरला होता, आणि उजवी बाजू खाली लोंबत होती.

"पुरे, अक्का," पेपरमागून आवाज आला.

तो आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला असं म्हणायला हवं. कित्येक महिने ऐकत होते, तरी. 'पुरे'मधला 'र' अर्धवट राहिला होता. मी इतकी कान देऊन ऐकणारी, सगळं लक्षात ठेवणारी, पण माझ्या कानात अजून स्टेशनवरचा आवाज होता आणि त्याखाली हा दबून गेला होता. परक्या देशात बसलेल्या पोरीला जे पहिल्या फटक्यात ऐकू आलं, ते मला एका घरात राहून आलं नाही.

ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"माझ्या आवाजावर माणसं गाड्या पकडायची," हे म्हणाले, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे. "पोरीला तो नेटचा बिघाड वाटला. मी म्हटलं, बरं झालं. नेटचाच असू दे. जीभ सुटेपर्यंत."

तू बाजारात गेलीस की मी इथे बसून त्या इंजिनाची गोष्ट म्हणून बघायचो, असं त्यांनी सांगितलं. जीभ सुटली की खूण परत लावणार होतो.

मला राग यायला हवा होता. पण मला आठवला तो रविवार. मी जिन्यात तोंड सोडून बोलत होते, आणि आमचं दार सताड उघडं होतं.

"तुम्ही ऐकत होतात," मी म्हटलं.

"सगळं," हे म्हणाले. "पेपर धरून बसलो होतो. पानसुद्धा उलटलं नाही. तू त्याच्या मूलबाळावर गेलीस तेव्हाही उठलो नाही मी." मग बराच वेळ जीभ जुळवत राहिले. "झटक्याची लाज वाटत होती मला. त्यापेक्षा मोठी गोष्ट करून बसलो."

वन्सं उठून आत गेल्या. बोर्डवर बसणाऱ्या बायका जोडणी झाली की कानावरचं काढून ठेवायच्या, तशा.

७

हे जिना चढले ते कठड्याला धरून. मी मागे. माझी माफी मी आधी मागितली आणि ती फार वाईट मागितली गेली. काहीतरी गैरसमज वगैरे बोलले, तो म्हणाला असू दे, आणि ते असू दे ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग हे पुढे झाले. बोलायला गेले तर शब्द लागेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडकले. नकाशेवाला म्हणाला, काका, राहू द्या. ह्यांनी मान हलवली. दाराच्या चौकटीला धरून ताठ उभे राहिले, हनुवटी थोडी वर, माइकसमोर उभे राहायचे तसे, आणि नोकरीभर दिवसातून कितीतरी वेळा जे म्हटलं होतं ते म्हणाले.

"प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

निम्मी अक्षरं वाटेत सांडली. ते वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. पण त्यात कोणी खरोखरच दिलगीर असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नकाशेवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. म्हणाला, "गाडी रद्द म्हणून घोषणा करा मग." आणि नळकांड्याचं झाकण उघडलं.

तो राहिला. नकाशे पुन्हा भिंतीवर लागले. पण एक नळकांडं त्याने पुढे कितीतरी दिवस दाराशी तसंच बंद उभं ठेवलं होतं. वर काही द्यायला गेले की मला ते दिसायचं, आणि मी कधीच विचारलं नाही की ते का उघडत नाही.

रविवारी ह्यांनी माऊस डावीकडे ओढून घेतला. बाण इकडेतिकडे पळत होता. मी हात पुढे केला नाही. चौकोन उघडला, ह्यांनी रिकाम्या चौकटीत खूण केली, आणि कोपऱ्यात दोन पडदे उगवले. निळे लुकलुकले. मी मुलीला लावलं.

ती दिसली, नात दिसली. मुलगी म्हणाली, आलं का नेट? मी काही बोलणार होते. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तो मंदावलेला उजवा, आणि पडद्याकडे झुकले.

"नेट कधीच गेलं नव्हतं, बाळ," हे म्हणाले. "बिघाड आमच्या टोकाला आहे. माझ्या तोंडात."

मुलगी पुतळ्यासारखी थांबली. इतकी, की क्षणभर मला वाटलं पडदा अडकला. मी कोपऱ्यात पाहिलं. दोन्ही पडदे चालू होते.

मग तिच्या मांडीवरून नात म्हणाली, "आजोबा, ते इंजिन धुक्यातच आहे अजून. हळू सांगा. मी थांबते."